बसवालीचा शेवटचा सीझन

सोलापूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगची टेबलं मांडलेली असतात, त्यातलं एक माझं आहे. वीस वर्षं झाली. वकील कागद देऊन चहाला जातात आणि परत येईपर्यंत मसुदा तयार असतो. त्यात चूक नसते. ही फुशारकी नाही, ज्याला जे येतं ते येतं. मला इंग्रजी कागद मराठीत करता येतो आणि मराठी कागद इंग्रजीत. खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसतो, तेव्हा ती नक्कल खरीच असते.

म्हणून एका रविवारी माझ्या थोरल्या बहिणीनं माझ्या मांडीवर डीव्हीडीचा एक जाडजूड डबा ठेवला आणि विचारलं, “बारके, ह्यातलं सगळं तुला मराठीत लिहून काढता येईल व्हय?” तेव्हा मी क्षणभरही विचार न करता मान हलवली.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचं गाव बार्शीकडचं. लग्न होऊन ती सोलापुरात भवानी पेठेत आली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले ती राहिलेच. माडीवरच्या दोन खोल्या, खाली सामाईक नळ. लग्न न करण्याचं कारण लोक मला अजून विचारतात, पण ती गोष्ट वेगळी आणि तशी फार मोठीही नाही.

अक्का शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. काज-बटणापासून सुरुवात करून ती कटिंग मास्तर झाली होती. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरतात, सगळ्यात वरच्या थरावर खडूनं आखतात आणि उभ्या पात्याच्या विजेच्या मशीननं सगळे थर एकदम कापतात. हात जरा सरकला की सत्तर सदरे वाया. या टेबलावर बाईला सहसा कुणी उभं करत नाही. अक्काला केलं होतं, कारण तिनं कापलेलं वाया जात नव्हतं.

आम्हा दोघींची करमणूक एकच होती. एक इंग्रजी मालिका हिंदीत डब होऊन टीव्हीवर लागायची. तिची नायिका परदेशातल्या एका मोठ्या शहरात बस चालवते, आणि तिच्या तळहातात अशी शक्ती असते की हात पुढे केला की समोरून येणारी वस्तू जागच्या जागी थांबते. गोळी, ट्रक, कोसळणारी भिंत, काहीही. तिचं नाव लांबलचक होतं. अक्का तिला बसवाली म्हणायची. शेंगा सोलत आम्ही पाच सीझन पाहिले. अक्का गप्प बसून बघणाऱ्यातली नव्हतीच. “अगं मागं बघ की, मागं! लई विश्वास ठेवतीय ही त्या म्हाताऱ्यावर.” म्हातारा म्हणजे बस डेपोचा साहेब. तो शेवटी दगा देणार हे अक्कानं तिसऱ्या सीझनमध्येच सांगून ठेवलं होतं.

पाचवा सीझन बसवाली पुलावरून नदीत पडते तिथं संपला. सहावा शेवटचा, असं जाहीर झालं होतं. पण त्या चॅनलनं तो आणलाच नाही, आणि मोबाइलवरच्या कुठल्या ॲपवरही तो आपल्याकडे मिळेना. आम्ही वर्षभर वाट पाहिली आणि मग वाट पाहणंही विसरलो. कारण मध्येच अक्काचे कान गेले.

उन्हाच्या दिवसांत तिला चार दिवस ताप आला. तो उतरला आणि डाव्या कानानं ऐकू येईना. आठवड्याभरात उजवाही गेला. आम्ही लगेच कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, तपासण्या केल्या. नंतर कानात बसवायचं मशीनही आणलं. अक्कानं ते दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. “डब्यात खिळे घालून हलवल्यागत वाटतंय. माणूस बोलतोय असं न्हाय वाटत.”

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला आत थांबवून घेतलं. नस कायमची गेली आहे, म्हणाले, हे ऐकू येणं आता परत येणार नाही. ऑपरेशनचाही तिच्या बाबतीत उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. मी बाहेर आले. अक्का बाकावर पर्स धरून बसली होती. तिनं नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मी मोबाइल काढून त्यावर टाइप केलं, “थोडा काळ जाऊ द्या म्हणतात.” ती हसली, उठली आणि म्हणाली, “चल, भाजी घेऊन जाऊ.”

मी खोटं बोलले, हे मला तिथंच कळत होतं. चार दिवसांनी सांगू असं ठरवलं. त्या चार दिवसांची दीड वर्षं झाली.

कारखान्यात शेठनं तिला मशीनवरून काढलं. विजेचं पातं, कुणी ओरडलं तर ऐकू येणार नाही, जोखीम नको, असं त्यांचं म्हणणं. तिला शिवून आलेल्या सदऱ्यांचे लोंबते धागे कापायला बसवलं. हातात छोटी कात्री, दिवसभर मान खाली. अक्कानं कुरकुर केली नाही. “कान आलं की जाईन परत मशीनवर,” म्हणायची. मी हो म्हणायचे.

अशात माझी कॉलेजची मैत्रीण नात्यातल्या एका लग्नासाठी अमेरिकेहून सोलापुरात आली. ती तिकडेच स्थायिक झालेली. मी तिला कधीतरी बसवालीबद्दल लिहिलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. तिच्या तिकडच्या गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात शेवटच्या सीझनचा डबा मिळाला, तो ती घेऊन आली. चार डीव्हीडी, बारा भाग. वरच्या चित्रात बसवाली बसच्या टपावर उभी. अक्कानं तो डबा असा फिरवून फिरवून पाहिला, जसं ती नव्या कापडाच्या ताग्याला उलटसुलट करून बघते.

घरातला डीव्हीडी प्लेअर माळ्यावरून काढला, पुसला, जोडला. त्यानं डीव्हीडी आत घेतली, थोडी घुरघुर केली आणि पडद्यावर चुकीचा विभाग असं काहीसं लिहून ती बाहेर ढकलली. चारही वेळा तेच. मी प्लेअर पिशवीत घालून नवी पेठेत नेला. तिथं कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये एका चाचांची टीव्ही दुरुस्तीची जागा आहे, एक खुर्ची आणि एक काउंटर मावेल एवढी. त्यांनी डीव्हीडी उजेडात धरून पाहिली.

“आपा, ये उधर का माल है. अपना मशीन इसकू लेता नै.”

“मग आता?”

“मग क्या? मशीनकू समझाते.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ट्रे उघडा ठेवला आणि रिमोटवर ओळीनं सहा-सात आकडे दाबले. पडद्यावर एक बारीकशी यादी उघडली, तिथं त्यांनी काहीतरी शून्य केलं. डीव्हीडी सुरू झाली. मी विचारलं, एवढंच? “इत्ताच. पन मालूम होना.” हे मला पटलं. माझ्या धंद्यातही तेच आहे.

घरी येऊन लावली तर पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं येत होती. पात्रं जे बोलतात ते सगळं लिहून येण्याची सोय त्या डीव्हीडीत होती. अक्का उठून टीव्हीपाशी गेली आणि बोटानं एक एक शब्द वाचायला लागली. ती बारावी झालेली आहे, इंग्रजी वाचता येतं, पण अडखळत. ती दोन शब्द वाचायची तोवर ओळ पळून जायची. दहा मिनिटांनी तिनं बंद केलं आणि मला तो प्रश्न विचारला.

काम मी पद्धतशीर केलं. पहाटे पाचला उठून आठपर्यंत बसायचे. डीव्हीडी थांबवायची, ओळ वाचायची, मराठीत लिहायची, पुढे जायचं. मोठ्या फुलस्केप वहीत डावीकडे कोण बोलतंय त्याचं अक्षर, उजवीकडे वाक्य. ब म्हणजे बसवाली, म म्हणजे म्हातारा. एका भागाला पाच-सहा सकाळी लागायच्या. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की अक्का वही मांडीवर घेऊन बसायची, मी शेजारी, आणि टीव्हीवर जे वाक्य चाललंय त्यावर माझं बोट.

पहिल्या रविवारी पाच मिनिटांत अक्का हसायला लागली. मला वाटलं विनोदाची जागा आली. पण पडद्यावर तर दोन गुंड बसवालीला घेरून उभे होते. अक्कानं वही माझ्यासमोर धरली. मी लिहिलं होतं: “आपण तात्काळ मागे सरावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल.”

“ही मारामारी करालीय का नोटीस पाठवालीय?” अक्का म्हणाली. ऐकू येत नसल्यानं तिचा आवाज कधी कधी जरा मोठा लागतो. खालच्या बाईनं वर पाहिलं असणार.

मी चिडले. मोबाइलवर टाइप केलं, “अर्थ बरोबर आहे.”

“अर्थ बरोबर हाय गं. पण असं कोण बोलतं? आपल्या पेठेत दोघं भांडाय लागली तर काय म्हणतील ते लिही की.”

वीस वर्षांत माझा मसुदा कुणी असा परत केला नव्हता. रात्री जेवताना मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तेच वाक्य खोडून लिहिलं, “माघारी फिर, न्हायतर बघ.” आणि पुढच्या भागापासून बसवाली आमच्या बोलीत बोलायला लागली. म्हाताऱ्याला ती “लई शहाणा झालास व्हय?” असं विचारायची. डेपोतली दुसरी एक बाई, जिचं काम फक्त चुगल्या करणं होतं, तिला मी आमच्या गावातल्या एका आत्याचं बोलणं दिलं. अक्कानं पहिल्याच वाक्याला ओळखलं आणि मांडीवर थाप मारली.

मग रविवार छान जायला लागले. कधी मध्येच पाणी यायचं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्याला रविवार काय आणि सोमवार काय. मला खालचा नळ फुसफुसलेला ऐकू आला की मी उठायचे, अक्का रिमोटनं चित्र थांबवायची आणि आम्ही घागरी, पिंप, बादल्या भरून परत बसायचो. तोवर बसवाली हात वर करून तशीच उभी असायची. तिसऱ्या-चौथ्या भागानंतर माझं बोट लागेनासं झालं. अक्का पडद्यावरच्या तोंडांकडे बघून स्वतःच ओळ पकडायची. माणसं बोलताना ओठ कसे हलतात याकडे तिचं लक्ष तेव्हापासून जास्त जायला लागलं. भाजीवाला काय म्हणतोय ते मी सांगायच्या आतच तिला कळायला लागलं होतं.

शेवटच्या सीझनची गोष्ट अशी होती. नदीतून वाचलेल्या बसवालीच्या हातातली शक्ती कमी कमी होत जाते. आधी ट्रक थांबेनासा होतो, मग सायकलही. म्हातारा अपेक्षेप्रमाणे दगा देतो. अकराव्या भागात ती एका डॉक्टर बाईकडे जाते. टेबलावर हात ठेवून विचारते, हे परत येईल का? डॉक्टर बाई म्हणते, नाही. परत येणार नाही.

त्या पहाटे मी तिथं बराच वेळ थांबले. चहा गार झाला. मग मी लिहिलं, “डॉ: आत्ताच सांगता येत नाही. थोडा काळ जाऊ दे.”

मला वाटलं, एक ओळ. एवढ्या ओळींत कुणाला कळणार आहे?

रविवारी ती जागा आली. अक्काचं बोट वहीवर, नजर पडद्यावर. डॉक्टर बाईनं मान हलवली आणि खाली अक्षरं आली. अक्कानं रिमोट उचलला, चित्र मागे नेलं, पुन्हा चालवलं आणि त्या अक्षरांवर थांबवलं. मग वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“नो म्हणजे न्हाय. एवढं इंग्रजी मला येतं, बारके.”

मी वही मिटायला गेले, तिनं पान धरून ठेवलं.

“तू हितं काय लिहिलंयस? थोडा काळ जाऊ दे?” तिनं त्या ओळीवर बोट आपटलं. “हे वाक्य मी आधी कुटं वाचलंय?”

तिला आठवायला फार वेळ लागला नाही. मी बघत होते आणि तिच्या चेहऱ्यावर ते येताना मला दिसलं. ती एकदम हळू आवाजात बोलली. आपण किती हळू बोलतोय हे तिला कळत नव्हतं, पण मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

“माझ्या डॉक्टरनं काय म्हणलं होतं?”

मी मोबाइल घ्यायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सरकवला आणि वही पुढे केली. “ह्यात लिही. खाली.”

मी लिहिलं, “परत येणार नाही म्हणाले.”

“कधी म्हणाले?”

“त्याच दिवशी.”

तिनं ते दोनदा वाचलं. मी पुढे लिहायला लागले, “मला वाटलं तुला सहन होणार नाही, मला वाटलं हळूहळू सांगू...” तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

“तुला वाटलं. आणि मी काय करत बसले दीड वर्षं? धागे. आज येतील कान, उद्या येतील कान. तू सांगितलं असतंस तर त्याच आठवड्यात शेठसमोर जाऊन उभी राहिले असते. मी मशीन कानानं चालवत होते का गं?” मग म्हणाली, “कोर्टात खोटी नक्कल दिलीस तर काय करतात तुला?”

टेबल काढून घेतात, असं मी लिहिलं. तिनं वही मिटली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी तिनं भाकऱ्या नेहमीसारख्या दोघींच्या केल्या, पण माझ्या समोर बसून जेवली नाही.

माझं मन मला खात होतं, हे खरं. पण एक आणखी खरं सांगते. मला हलकंही वाटलं. दीड वर्षं तिनं “कान आलं की” म्हटलं की मी नजर चुकवून कुठल्यातरी कामाला लागायचे, ते आता करावं लागणार नव्हतं.

शेवटचा भाग पुढच्या रविवारी पाहिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी बाराव्या भागाची वही तयार करून टीव्हीवर ठेवली होती, अक्का तिला हात लावत नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती धुवट साडी नेसून तयार झाली आणि मला म्हणाली, “आज कोर्टात उशिरा जा. माझ्यासंगट चल. पण मधी बोलायचं न्हाय. मी सांगितलं तरच.”

कारखान्याचे शेठ तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. अक्कानं सरळ विषय काढला. “शेठ, माझं कान काय आता येत न्हाईत. मला टेबल परत पायजे.”

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्हीच समजावा यांना. विजेचं पातं आहे. कुणी ओरडलं तर...”

“माझ्याकडं बघून बोला, शेठ,” अक्का म्हणाली. “आणि जरा दमानं. मला दिसतंय तुमी काय म्हणताय ते.”

शेठ तिच्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, “अक्का, अपघात झाला तर?”

“तेवीस वर्षात झाला का?”

“तेव्हा ऐकू येत होतं.”

“ऐकून कोण कापतं? पातं अडकायला लागलं की आदी मनगटाला कळतं. आवाज नंतर येतो. आणि कुणाला मला थांबवायचंच असंल तर टेबलावर एक लाल बल्ब लावा. बटण दाराशी. बल्ब लागला की मी हात उचलते.”

शेठनं हनुवटी खाजवली. सध्याचा कटिंग मास्तर एक तरुण माणूस होता, तो दाराशी उभा राहून ऐकत होता. तोच म्हणाला, “शेठ, आज खाकी चड्ड्यांचा थर अंथरलाय. घेऊ दे की त्यांना.”

शेठनं शेवटी एक थर कापायला परवानगी दिली, तीही आपण शेजारी उभं राहणार या अटीवर. अक्कानं डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा चढवला. थराभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मास्तरला म्हणाली, “हितं ढिला पडलाय, ओढून घे.” त्यानं ओढून घेतला. मग तिनं मशीन चालू केलं. ऐकू येणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या आवाजात काही सुचेना. ती मात्र शांत होती. खडूच्या रेघेवरून पातं असं गेलं की मागे फक्त रेघ उघडत गेली. अर्ध्या वाटेत तिनं अचानक मशीन थांबवलं. शेठ दचकले. अक्कानं थराच्या मधल्या कापडात बोट घालून एक गाठ बाहेर काढली, सुताची जाड गाठ, विणतानाच राहून गेलेली. ती टेबलावर ठेवली आणि पुढे कापायला लागली.

शेठनं गाठ उचलून पाहिली. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून लाल बल्ब लावून घेतला. अक्का महिनाभर सकाळच्या वेळेपुरती मशीनवर होती, नंतर पूर्ण वेळ. तो तरुण मास्तर दुसऱ्या टेबलावर गेला आणि अवघड थर आला की तिला बोलवायला लागला. आता दोन वर्षं होत आली.

कारखान्यात तो थर कापला त्याच आठवड्याच्या रविवारी अक्कानं आपण होऊन टीव्हीवरची वही घेतली. आधी शेवटचं पान उघडलं. तिथं मी खाली लिहिलं होतं, “ह्यात एकही ओळ बदललेली नाही. जिथं कळलं नाही तिथं कळलं नाही असं लिहिलंय.” तिनं ते वाचलं आणि “बरं” म्हणाली. एवढंच. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही. पण त्या दिवशी तिनं शेंगांची ताटली आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

बसवालीची शक्ती परत येत नाही. शेवटच्या भागात म्हातारा पकडला जातो तो डेपोतल्या इतर ड्रायव्हरांमुळे. त्यांनी बसेस रस्त्यात आडव्या लावलेल्या असतात. बसवाली दुसऱ्या दिवशी कामावर येते, बस सुरू करते आणि जाते. मोठं काही होत नाही. मला हा शेवट जरा कोरडा वाटला. अक्काला आवडला. तिची तक्रार एकच होती, “डेपोतनं बाहेर पडताना आरसा बघितला न्हाय तिनं. ड्रायव्हर असं करतंय का?”

मग चौथ्या डीव्हीडीत आणखी काहीतरी आहे असं दिसलं. मालिका कशी बनवली त्याचा अर्ध्या तासाचा भाग. नट, दिग्दर्शक, सगळे खुर्च्यांवर बसून बोलत होते. अक्का पुढे सरकून बसली. पण खाली अक्षरं येत नव्हती. मी रिमोटवर सगळी बटणं दाबून पाहिली. त्या भागाला अक्षरांची सोयच केलेली नव्हती.

“जाऊ दे,” अक्का म्हणाली, पण टीव्ही बंद केला नाही.

मी मोबाइलवर बोललेलं लिहून देणारं ॲप काढलं. त्यानं इंग्रजीचं जे केलं ते केलंच, माझ्या मराठीचंही वाटोळं केलं. मी “हितं बघ” म्हटलं तर त्यानं “हितबाग” लिहिलं. अक्का पोट धरून हसली. मग मी मोबाइल ठेवला आणि उठून टीव्हीच्या शेजारी, तिच्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. पाठीमागे टीव्ही. मी ऐकायचे आणि सावकाश, ओठ उघडून सांगायचे. ही बाई म्हणतीय की बस चालवायला तिला खरंच शिकावं लागलं. परीक्षा दोनदा नापास झाली. हा म्हणतोय की म्हाताऱ्याचं काम करणारा माणूस लई प्रेमळ हाय. अक्का एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा पडद्याकडे. तिचं मध्येच बोलणं परत सुरू झालं होतं. “मला वाटलंच. डोळे चांगले हाईत त्याचे.”

मग मागे एकदम सगळे हसल्याचा आवाज आला. बसवालीचं काम करणारी नटी काहीतरी भराभर बोलली आणि हशा आणखी वाढला. मी कान दिला, पण त्या गोंधळात एक शब्द पकडता येईना.

“काय झालं? काय म्हणाली ती?” अक्कानं विचारलं.

“नाही समजलं,” मी म्हणाले.

अक्का माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा फुलत चालला होता. “मला समजलं की. तिच्या पायाकडं बघ. वर सगळा तो लढाईचा पोशाख घातलाय आणि खाली बाथरूमच्या चपला.”

मी वळून पाहिलं. खरंच, निळ्या रबरी चपला होत्या.